मॉरोविंडमधल्या ॲशलँडरांच्या चालीरीती कशा वाचायच्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर 'द एल्डर स्क्रोल्स ३ : मॉरोविंड' या २००२ साली आलेल्या गेममधल्या ॲशलँडर जमातींबद्दलच्या प्रश्नांना उत्तरं दिली आहेत. मुख्य कथानकातल्या बऱ्याच गोष्टी इथे उघड होतात. गेम अजून खेळला नसेल, तर निदान उर्शिलाकू या जमातीच्या छावणीपर्यंत जाऊन या आणि मग पुढे वाचा.

ॲशलँडर म्हणजे नेमके कोण?

डनमर, म्हणजे राखाडी कातडीचे आणि लाल डोळ्यांचे एल्फ, यांच्यातलाच एक भाग. व्हार्डेनफेल बेटाच्या मध्यभागी रेड माउंटन हा ज्वालामुखी आहे. त्याच्या राखेत आणि भोवतालच्या गवताळ माळांवर हे लोक ग्वार नावाची जनावरं पाळून, शिकार करून, तंबू हलवत राहतात. बेटावर त्यांच्या चार मोठ्या जमाती आहेत : वायव्येला उर्शिलाकू, ईशान्येला अहेम्मुसा, पूर्वेच्या गवताळ प्रदेशात झैनाब आणि आग्नेयेच्या मोलाग आमूरच्या खडकाळ मुलखात एराबेनिमसून.

गावांत आणि शहरांत राहणारे डनमर मोठ्या घराण्यांचे असतात : ह्लालू, रेडोरान, टेल्व्हानी वगैरे. ते ट्रायब्यूनलला, म्हणजे व्हिवेक, आल्मालेक्सिया आणि सोथा सिल या तीन जिवंत देवांना मानतात. ॲशलँडर त्यांना देव मानत नाहीत. ते पूर्वजांना आणि अझुरा, बोएथिया, मेफाला या डेड्रांना, म्हणजे जुन्या अमर शक्तींना, भजतात. आपणच जुन्या व्हेलोथी, म्हणजे व्हेलोथ या प्रेषिताच्या, परंपरेचे खरे वारस आहोत, घराण्यांनी वाट सोडली, असं त्यांचं म्हणणं आहे. वंश एक, भाषा एक, पूर्वज एक, तरीही दोघांच्या मते 'खरे आपण' म्हणजे फक्त आपणच. पुढच्या सगळ्या प्रश्नांच्या मुळाशी हाच वाद आहे.

मराठीत त्यांना काय म्हणावं? टोळी, जमात की आदिवासी?

मी 'जमात' म्हणते. 'टोळी' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आधी दरोडेखोर येतात, आणि घराण्यांचे डनमर त्यांच्याबद्दल नेमकं तेच बोलतात. अनुवादात तो शब्द वापरला की नकळत आपण एका बाजूचे होतो. 'आदिवासी' या शब्दाला आपल्या भाषेत खऱ्या माणसांचा, त्यांच्या हक्कांचा आणि लढ्यांचा मोठा संदर्भ आहे. तो गेममधल्या एल्फांच्या अंगावर चढवावासा मला वाटत नाही. 'घराणं' हा शब्द मात्र दुसऱ्या बाजूला चपखल बसतो. रक्त, मालमत्ता, मान आणि वैर हे सगळं त्यात एका दमात येतं.

जमातीच्या प्रमुखाला मी 'ॲशखान' आणि त्याच्या योद्ध्यांना 'गुलाखान' असंच ठेवते. प्रत्येक जमातीत भविष्य, स्वप्नं आणि जुनी वचनं समजणारी एक बाई असते. तिच्यासाठी 'जाणती' हा शब्द आपल्याकडे तयारच आहे. तो हाताशी असताना 'शहाणी स्त्री' कशाला म्हणायचं?

त्यांच्या चालीरीती गेममध्ये समजतात तरी कुठून? विश्वास कशावर ठेवायचा?

सगळ्यात आधी हेच विचारायला हवं, पण बहुतेक जण हे सर्वांत शेवटी विचारतात.

या गेममध्ये एकच निवेदक सगळं खरं सांगतोय असं कधीच होत नाही. नेरेवार या जुन्या सेनापतीच्या मृत्यूचंच घ्या. मंदिराच्या, म्हणजे ट्रायब्यूनलच्या धर्मसंस्थेच्या, सांगण्यात तो संत आहे आणि त्याचे सोबती निष्ठावान आहेत. ॲशलँडरांच्या सांगण्यात त्याच सोबत्यांनी त्याचा खून केला आणि मग स्वतःला देव म्हणवून घेतलं. गेम दोन्ही बाजू तुमच्या हातात देतो आणि निकाल सांगत नाही.

ॲशलँडरांच्या रीतीभातींचा पहिला सविस्तर परिचय होतो तो हसूर झैनसुबानी नावाच्या माणसाकडून. आल्ड-रूनच्या एका खानावळीत तो भेटतो. जन्माने तो ॲशलँडर, पण जमात सोडून व्यापारात शिरला आणि श्रीमंत झाला. तुमच्यासाठी तो टिपणं लिहून देतो : भेट कशी द्यावी, द्वंद्वाचं आव्हान कधी नाकारता येतं, तंबूत कसं शिरावं. ही टिपणं उपयोगी आहेत आणि मला ती प्रामाणिक वाटतात. पण ती बाहेरच्यासाठी लिहिली आहेत, आणि लिहिणारा आता आत राहत नाही. गाव सोडून गेलेला माणूस गावच्या रीती सांगतो तेव्हा त्या जरा जास्तच नीटनेटक्या होतात. कुठे भांडण आहे, कोणती रीत कोण मोडतं, हे तो सांगत नाही. ते छावणीतच पाहावं लागतं.

शिवाय तुम्ही कोण आहात? मॉरोविंड ज्याच्या साम्राज्यात येतं त्या सम्राटाच्या गुप्तहेर यंत्रणेने तुम्हाला तिथे पाठवलंय. तुमचा वरिष्ठ कायस कोसाडीस याला या जमातींची माहिती हवी आहे ती राज्यकारभारासाठी. हे विसरून टिपणं वाचली, तर त्यांचा अर्धा अर्थ हातातून निसटतो.

भेट देण्याची रीत म्हणजे लाचच ना? पैसे दिले की काम होतं.

नाही. आणि गेमने हा फरक इतका बारकाईने केलाय की त्यावर थोडं थांबायला हवं.

मॉरोविंडमध्ये जवळपास कुठल्याही पात्राशी बोलताना लाच देण्याची सोय आहे : १०, १०० किंवा १००० नाणी. यश आलं तर समोरच्याचं तुमच्याबद्दलचं मत सुधारतं. ही यंत्रणा सगळ्यांसाठी एकसारखी आहे, शिपायासाठी तीच आणि सावकारासाठीही तीच. ॲशलँडरांची भेट त्या यादीत नाही. ती संवादात, वेगळा विषय म्हणून येते.

झैनसुबानीच्या टिपणांचा गाभा असा : अनोळखी लोकांमध्ये भेट म्हणजे सौजन्य. तुम्ही सावध आहात, समोरच्याचा विचार करता, त्याला काय हवं याची तुम्हाला जाणीव आहे, हे त्यातून कळतं. मित्रांमध्ये भेट म्हणजे माया. म्हणजे वस्तू तीच असली तरी नातं बदललं की तिचा अर्थ बदलतो. आपल्या भाषेत नजराणा, आहेर आणि भेट हे तीन वेगळे शब्द आहेत, आणि कोणता कुठे वापरायचा हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. गेममध्ये तिन्हींसाठी एकच शब्द आहे, त्यामुळे फरक आपणच ओळखायचा.

खुद्द झैनसुबानीकडून माहिती मिळवायची असेल तर त्याच्यासाठीही भेट न्यावी लागते. त्याला कविता आवडतात, हे आजूबाजूला चौकशी केल्यावर कळतं. मग कवितांचं पुस्तक शोधायचं आणि त्याला द्यायचं. पुस्तक महाग असायची गरज नाही. त्या माणसाबद्दल तुम्ही कुणाला तरी विचारलंत, हीच खरी भेट. रीत सांगण्याआधी तो ती तुमच्याकडून पाळून घेतो. गेममधल्या शिकवणीचं यापेक्षा सुंदर उदाहरण मला माहीत नाही.

मार्सेल मॉस या फ्रेंच अभ्यासकाने १९२५ साली भेटीवर जो निबंध लिहिला, त्यात द्यायचं बंधन, घ्यायचं बंधन आणि परतफेडीचं बंधन अशी तीन बंधनं सांगितली आहेत. छावणीत तिन्ही दिसतात. तुम्ही दिलेली भेट स्वीकारली गेली, की समोरच्यावरही काहीतरी जबाबदारी येते. लाचेत व्यवहार तिथल्या तिथे मिटतो, भेटीत तो उघडा राहतो.

गुलाखान झाबामुंड लढायलाच उठतो. याला पाहुणचार म्हणायचं?

उर्शिलाकूंच्या छावणीत ॲशखान सुल-मातूलला भेटण्याआधी झाबामुंडशी बोलावं लागतं. त्याला पटवता येतं, भेट देता येते, किंवा त्याचं मन द्वंद्वाने जिंकता येतं. पहिल्यांदा खेळताना मी द्वंद्व निवडलं, कारण ते लवकर संपेल असं वाटलं. दुसऱ्यांदा भेट दिली. दोन्ही वेळी वाट मिळाली, आणि तेव्हा लक्षात आलं की त्याच्या दृष्टीने हे दोन्ही एकाच प्रश्नाचं उत्तर आहे : हा परका आमच्या रीतीने वागू शकतो का?

द्वंद्वाचेही प्रकार आहेत. खेळ म्हणून दिलेलं आव्हान नाकारलं तर कुणाचा मान जात नाही. मानासाठी दिलेलं आव्हान तसं नाही. नवखा खेळाडू दोन्हींना मारामारी समजतो आणि 'हे रानटी लोक' असं म्हणून पुढे जातो. पण ज्या समाजात न्यायालय नाही, शिपाई नाहीत, आणि दर ऋतूत तंबू हलतात, तिथे भांडण कुठेतरी थांबायला हवं. त्याला ठरलेली चौकट हवी. द्वंद्व ही ती चौकट. घराण्यांच्या डनमरांकडे तर मोराग टोंग ही मारेकऱ्यांची संघटना आहे, आणि ठरलेला परवाना असेल तर तिने केलेला खून कायदेशीर ठरतो. मग रानटी कोण?

सुल-मातूल आपल्या मेलेल्या बापाच्या आत्म्याकडून धनुष्य आणायला पाठवतो. याचा अर्थ काय लावायचा?

तो म्हणतो, उर्शिलाकूंच्या दफनगुहांमध्ये जा आणि माझे वडील सुल-सेनिपूल यांचं बोनबाइटर धनुष्य घेऊन ये. धनुष्य त्यांच्या आत्म्याच्या ताब्यात आहे. ते आणलंत की तुम्ही 'कुळमित्र' होता.

पूर्वज हेच ज्यांचं दैवत, ते लोक पूर्वजाच्या थडग्यात परक्याला शस्त्र घेऊन कसे पाठवतात? पहिल्या नजरेत हा कथेतला दोष वाटतो. मला तो दोष वाटत नाही. पूर्वज इथे भिंतीवरच्या तसबिरी नाहीत. ते जमातीचे सभासद आहेत, आणि नव्या माणसाला पारखायचा हक्क त्यांनाही आहे. जिवंतांनी तुम्हाला पाहिलं, आता मेलेल्यांनी पाहायचं. सुल-मातूल तुम्हाला लुटायला पाठवत नाही, तो तुम्हाला स्वतःच्या बापापुढे उभं करतो.

आर्नल्ड व्हॅन जेनेप यांनी १९०९ साली अशा विधींचे तीन टप्पे दाखवले : आधी माणूस आपल्या जागेवरून सुटतो, मग उंबरठ्यावर अधांतरी राहतो, मग नव्या जागी सामावला जातो. छावणी सोडणं, गुहेतला काळोख, आणि परत येऊन नवं नाव मिळणं. गेम खेळताना गुहेतल्या त्या वाटा कंटाळवाण्या वाटल्या असतील, तर पुन्हा एकदा अंधारात, नकाशा न उघडता जाऊन बघा.

पूर्वजांचे आत्मे बोलावणं चालतं, मग नेक्रोमन्सीचा, म्हणजे मेलेल्यांना राबवणाऱ्या जादूचा, एवढा तिरस्कार का?

कारण एकात नातं आहे आणि दुसऱ्यात नाही. डनमरांच्या समजुतीप्रमाणे आत्म्यांना या जगात यायला आवडत नाही. ते आपल्या कुळाबद्दलच्या कर्तव्यापोटी येतात. परक्या मांत्रिकाने कुणाच्याही हाडांना राबवायला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या आजोबांना वेठीला धरणं. ही समजूत ॲशलँडर आणि घराणी दोघांचीही आहे. वाद आहे तो मंदिराने पूर्वजांचं बळ रेड माउंटनभोवतीच्या भूतकुंपणासाठी, म्हणजे आत्म्यांच्या बळावर उभ्या असलेल्या जादूच्या भिंतीसाठी, एकवटल्यावर घराघरातल्या पूर्वजांचं काय होतं, याचा.

चारही जाणत्या वेगवेगळं वागतात. खरी परंपरा कुणाची?

माझ्या मते ॲशलँडर समजून घ्यायचे असतील तर हाच प्रश्न धरून बसावं. नेरेवारीन, म्हणजे पुन्हा जन्मलेला नेरेवार, म्हणून चारही जमातींनी तुम्हाला मान्यता द्यायची असते. रीत सगळीकडे एकच आहे, पण प्रत्येक ठिकाणी ती वेगळ्या पद्धतीने पूर्ण होते, आणि प्रत्येक ठिकाणी वाट काढून देते ती जाणती.

अहेम्मुसांकडे ॲशखानच उरलेला नाही. मग मान्यता कोण देणार? त्यांची जाणती सिनाम्मू मिर्पाल जमात चालवते आहे, आणि तिला जमातीसाठी आसरा हवाय. आल्ड डेड्रोथ हे उद्ध्वस्त देवस्थान सुरक्षित करा आणि मला तिथे घेऊन चला, असं ती सांगते. पद रिकामं आहे म्हणून रीत थांबत नाही. सिनाम्मू ते पद भरल्यासारखी वागते आणि जमात तिचं ऐकते.

झैनाबांचा ॲशखान काउशाद श्रीमंत आणि मानी आहे. आधी तो तुम्हाला एका व्हॅम्पायरला मारायला पाठवतो, मग म्हणतो, मला टेल्व्हानी घराण्यातली उच्चकुलीन बायको आणून द्या. कुठलीही टेल्व्हानी बाई ॲशलँडराशी लग्न करणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाणती सोनुम्मू झाबामत तोड सुचवते : टेल आरूनच्या गुलामबाजारातून एक देखणी डनमर बाई विकत घ्या, तिला भारी कपडे आणि टेल्व्हानी सुगंध द्या, आणि उच्चकुलीन म्हणून आणा.

हा प्रसंग मला आजही बोचतो. जमातीचा मान राखला जातो, तुमचं काम होतं, आणि या सगळ्याची किंमत एका विकत घेतलेल्या बाईच्या आयुष्यात मोजली जाते. चालीरीती समजून घेणं म्हणजे त्यांना गोंजारणं नव्हे. इथे रीत कशी चालते हे मला कळतं, आणि ती मला मान्य नाही. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. ज्यांना हा भाग खेळताना काहीच वाटलं नाही, त्यांनी त्या बाईचं नाव आठवतंय का ते पाहावं. तिचं नाव फालूरा ल्लेर्वू.

एराबेनिमसूनांकडे तर गोष्ट आणखी पुढे जाते. ॲशखान उलाथ-पाल परक्यांविरुद्ध युद्ध मागतो. जाणती मनिराई सांगते की त्याला आणि त्याच्या युद्धखोर साथीदारांना मारा, आणि शांत स्वभावाच्या हान-अम्मूला ॲशखान करा. हान-अम्मूला मात्र पद नको आहे. तुम्ही त्याला कुऱ्हाड, झगा आणि ताईत अशा तीन वस्तू आणून देता. त्यांना जमातीतल्या जुन्या नामवंतांची नावं आहेत. त्या मिळाल्यावर तो तयार होतो. त्या वस्तूंमध्ये जादू आहेच, पण हान-अम्मू बदलतो तो त्यांच्यावरच्या नावांमुळे, असं मला वाटतं.

तर खरी परंपरा कुणाची? चौघींचीही. परंपरा म्हणजे दगडावर कोरलेला मजकूर, हा समज बाहेरच्यांचा. आत राहणारी माणसं तिच्याशी वाद घालतात, तिला वळवतात, तिच्यातली पळवाट शोधतात, आणि तरीही ती पाळतात. गेममध्ये चार वेळा एकच रीत चार तऱ्हांनी दाखवली आहे, ती त्यासाठीच.

भविष्यवाणी खरी की राजकारण?

निबानी मैसा ही उर्शिलाकूंची जाणती याचं उत्तर सगळ्यांत नेमकं देते. तिच्या बोलण्याचा आशय असा, की तू नेरेवारीन नाहीस, तू नेरेवारीन होऊ शकणारा एक आहेस. 'आहे' आणि 'होऊ शकेल' यांच्यातल्या या फटीत सगळं कथानक घडतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सगळी भविष्यवचनं तिच्याकडे नाहीत. काही जमातीच्या स्मरणातून गळून पडली आहेत. ती सापडतात मंदिराशी फारकत घेतलेल्या धर्मगुरूंकडे, कारण ज्या मंदिराने या वचनांवर बंदी घातली त्यानेच ती गुप्त दप्तरांत जपून ठेवली होती. तोंडी परंपरेतलं हरवलेलं पान छळणाऱ्याच्या कपाटात मिळतं.

दोन, अवताराच्या गुहेत तुमच्या आधी प्रयत्न करून अपयशी ठरलेल्यांचे आत्मे भेटतात. ते खोटे नव्हते. त्यांनीही काही खुणा पूर्ण केल्या होत्या. ती गुहा फक्त पहाटे आणि सांजवेळी उघडते, आणि या दोन्ही वेळा अझुराच्या. खरा पुनर्जन्म की योग्य वेळी योग्य कामं केलेला कुणीतरी परका, हे गेम शेवटपर्यंत ठरवून देत नाही. ॲशलँडरांना त्याची अडचण वाटत नाही. आपल्यालाच वाटते.

हे लोक खऱ्या जगातल्या कोणत्या समाजावर बेतले आहेत?

एकाही समाजावर नाही. 'खान' आणि तंबूची घरं मध्य आशियाई, नावांचा नाद अक्कडी, भोवतालची जमीन ज्वालामुखीची, जनावरं पूर्णपणे कल्पित. एखाद्या खऱ्या समाजाकडे बोट दाखवून 'हे तेच' म्हटलं, तर त्या समाजाबद्दलचे आपले पूर्वग्रह गेममध्ये येतात आणि गेममधली कल्पना त्या समाजावर चिकटते. तुलना करायची तर रीतीची रीतीशी करा, लोकांची लोकांशी नको.

माझं पात्र डनमर आहे, तरी मला परका का म्हणतात?

कारण तुम्ही बाहेरून जहाजाने आला आहात. इथे रक्तापेक्षा तुम्ही कुठे वाढलात आणि कुणाच्या चुलीपाशी बसलात, याला महत्त्व आहे.

छावणीत वागताना काय सांभाळावं?

बोलावल्याशिवाय तंबूत शिरू नका. निघायला सांगितलं तर निघा. आतल्या वस्तू उचलू नका, कुणी बघत नसलं तरी. आधी गुलाखानांशी बोला, मग ॲशखानाशी, आणि जाणतीला शेवटपर्यंत टाळू नका.

कोणत्या क्रमाने जमातींकडे जावं?

उर्शिलाकू आधी येतातच, कथाच तसं नेते. बाकीच्या तिघांचा क्रम तुमच्या हातात आहे. मी सुचवेन की अहेम्मुसा, मग झैनाब, आणि एराबेनिमसून शेवटी. हान-अम्मूला वस्तू एकदम देऊ नका. एक द्या, त्याच्याशी बोला, मग दुसरी. प्रत्येक वेळी त्याच्या बोलण्यातला संकोच थोडा थोडा कसा ओसरतो ते वाचत जा.